आधी किल्ली, मग जेवण

पवनार
१४ डिसेंबर २०२४

बाई पौर्णिमा,

तुला तुझ्या आईचा जय भीम आणि दोन्ही गालांना पापा. प्रफुल्लरावांना नुसता जय भीम सांग. जावयाला पापा पाठवला तर तो दोन दिवस तोंड लपवत फिरायचा.

इकडील सर्व कुशल असून तुमची कुशलता इच्छिते. हे वाक्य माझं नाही. मी म्हटलं होतं, "मी मजेत आहे, तुमचं काय चाललं?" पण हे लिहून देणारी रक्षा शाळेत पत्रलेखनात पहिली आली होती म्हणे. त्यामुळे मी काहीही बोलले की ती ते धुते, पिळते आणि दोरीवर सरळ वाळत घालते. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. मी विचारलं, "काऊन वं, माह्या बोलण्याले काय झालं?" तर म्हणते, "आजी, पुण्याले जाते ना पत्र. चांगलं दिसलं पाहिजे." म्हणजे मी इथंच, आणि माझं बोलणं पावडर लावून पुण्याला निघालं.

फोनचं तुला लहानूकाकानं सांगितलंच असेल. बादलीत पडला. दुकानदार म्हणतो, आतला भाग नागपूरहून येईल. येईल तेव्हा येईल. तू म्हणशील, लहानूच्या फोनवरून बोल. पण तुला तोंड पाहिल्याशिवाय बोलता येत नाही, आणि माझं तोंड तू लहानपणापासून पाहिलेलं आहेस, त्यात काही नवं नाही. तू लहानूला फोन केलास त्या प्रत्येक वेळी मी विहारात गेले होते. या वयात बाई विहारात जाणार नाही तर काय सिनेमाला जाईल?

थंडी चांगली पडली आहे. समोरच्या सीताबाईनं गेटला हिरवा रंग दिला, असा हिरवा की तिची कोंबडी दोनदा चोच मारून गेली. सकाळची वर्ध्याची बस आता वळणावर थांबतच नाही, पोरं मागे धावतात. दुपारी कोण कोणाच्या ओट्यावर जाऊन बसतं, कोण रागात परत येतं, सगळं मला खिडकीतून दिसतं. ग्रामपंचायतीनं मला पगार सुरू करायला हरकत नाही.

तू लहानूजवळ विचारलंस, "आईकडची ती नवी पोरगी कशी आहे? घरात काही गडबड तर नाही ना?" हे ऐकून रक्षाचं पेन थांबलं. मी म्हटलं, "लिही. तुह्याबद्दलच विचारलं, तूच लिही."

तर पोरगी अशी. उंचीनं खांबाएवढी, बोलायला मात्र पाव माणूस. बालगृहात वाढली. अठरा पूर्ण झाले की तिथलं दार बंद होतं. हातात कपड्यांची पिशवी देतात आणि सांगतात, आता तू मोठी झालीस. मग ती मावशीकडे राहिली. मावशीच्या नवऱ्याला जड झाली. मग सेवाग्राम स्टेशनचं बाक. तिथून तिला संस्थेच्या प्रेरणाताईंनी आणलं. अशा पोरांना संस्था एकदम वेगळी खोली देत नाही. आधी माझ्यासारखीच्या घरात ठेवते. खोलीचं भाडं संस्था देते आणि आजी मी देते. आजी म्हणजे काय, तर वरणाला फोडणी कशी द्यायची, बँकेतल्या साहेबाशी कसं बोलायचं, आणि उशीर झाला तर शिव्या. या पोरांनी शंभर ताटांचा स्वयंपाक पाहिलेला असतो, दोन ताटांचा नाही. रक्षानं पहिल्या दिवशी आम्हा दोघींसाठी पातेलंभर भात केला. सीताबाईची कोंबडी त्यावरच तर माजली.

आणि किल्ली. त्यावरून तुझं माझं भांडण ठरलेलं, तरी पुन्हा सांगते. माझ्या घरात आलेल्या पोराला आधी किल्ली, मग जेवण. दाराच्या त्या पितळी कुलपाची नवी किल्ली मी वर्ध्याच्या बाजारातून आधीच करून आणते. ज्यांनी आजवर फक्त दुसऱ्यानं लावलेली दारं पाहिली, त्यांच्या मुठीत ती ठेवली की ते आधी किल्लीकडे पाहतात, मग माझ्याकडे, म्हातारी शुद्धीवर आहे ना म्हणून. आणि पोरगं घर सोडून पुढे गेलं तरी मी किल्ली परत घेत नाही. कुंदनजवळ त्याची आहे, स्वीटीजवळ तिची. दिवाळीत आपण दोघी सीताबाईकडे फराळाला गेलो होतो. परत आलो तर कुलूप उघडं आणि आतून चहाचा वास. तू सीताबाईच्या अंगणातली काठी घेऊन शिरलीस. कुंदन जामच्या फाट्यावर ट्रकमधून उतरून खास भेटायला आला होता. बिचाऱ्यानं काठी पाहिली आणि विचारलं, "ताई, साखर किती टाकू?"

तेव्हापासून तुझं एकच, कुलूप बदल. मी नाही बदलत.

परवा प्रेरणाताई येऊन गेल्या. मी खुर्चीत बसून होते, लुगडं पायांवर ओढून, राणीसारखी. उठले नाही. त्या म्हणाल्या, "मीराबाई, आज भारीच थाट!" त्या रक्षासाठी बातमी घेऊन आल्या होत्या. ती सावंगीला दवाखान्याच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते ना, तिथंच जवळ संस्थेनं दोन खोल्या घेतल्या आहेत, तीन मुलींसाठी. अर्धं भाडं मुलींच्या पगारातून, दारावर त्यांचीच नावं. रक्षाचा नंबर पहिला होता. पण ती म्हणाली, "मले नाई जायचं. मी आजीजवळच बरी." प्रेरणाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. खरं सांगू? मला बरंच वाटलं. थंडीच्या दिवसांत कोथिंबिरीची सांबारवडी करणारं कोणी घरात असलं तर वाईट काय?

तू येण्याची घाई करू नकोस. होळीनंतर ये. आणि 'पुण्याला चल' म्हणणं सोड. पुण्याचं पाणी मला मानवत नाही. मागच्या वेळी पाहिलं ना, तेवढं पुरे.

खाली अंगठा आहे. रक्षा म्हणते, शाई जास्त झाली. होऊ दे.

तुझी ठणठणीत आई,
मीरा


पवनार
९ जानेवारी २०२५

पौर्णिमा माय,

अक्षर पाहून घाबरू नको. हे लहानूचं आहे. जिंदगीभर यष्टीत कंडक्टर होता, चालत्या बसमध्ये लिहाची सवय, म्हणून ओळी अशा उड्या मारते. तो मले म्हणते, "वहिनी, जरा चांगल्या भाषेत सांगा, पौर्णिमा काय म्हणन?" मी म्हटलं, "तू कंडक्टर आहेस ना? मी सांगते तिथचं तिकीट फाड."

जय भीम राह्यला. जय भीम. प्रफुल्लरावालेही.

लहानू खिडकीच्या बाहेर बालटी उलटी करून बसला आहे आणि मी आतून बोलून राह्यली. तू म्हणशीन, आत काऊन नाई बसला? सांगते. पहिले बाकीचं सांगू दे.

मी पडली. दिवाळी करून तू गेली, मंग रक्षा आली, त्याच्या पुढच्या हप्त्यात. न्हाणीत पाय सरकला, घोट्याच्या वरचं हाड मोडलं. रक्षानं मले पोत्यासारखं उचलून ऑटोत टाकलं, दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. फोन बालटीत नाई पडला. फोन तांदळाच्या डब्यात आहे, माह्यापेक्षा मजेत आहे. तुह्या फोनवर तोंड दिसते, तोंडासंग खाट दिसली असती. खाट दिसली की तू येशीन, मले पुण्याले नेशीन, आणि घरात म्हातारीच नाई म्हटल्यावर संस्था इथं पोरगी ठेवत नाई. म्हणजे पोट्टी पुन्हा त्या बाकावर. असं माह्या डोक्यात बसलं. लहानूले खोटं बोलाले मीच लावलं, त्याच्यावर चिडू नको. विहाराचं नाव घेऊन खोटं बोलला म्हणून तो दोन दिवस जेवला नाई. (लहानू म्हणते, एकच दिवस. बरं बावा, लिही, एकच दिवस.)

आता दाराचं.

रक्षा सकाळी कामावर जाते. जाताना माह्या खाटेजवळ पाणी ठेवते, डबा ठेवते, गोळ्या ठेवते, पायाखाली उशी देते. काई म्हणजे काई कमी नाई. मंग बाहेर जाते, दार ओढते आणि कुलूप लावते.

पहिल्या दिवशी मले वाटलं, सवयीनं लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं तवा विचारलं, "काऊन वं, मी आत असताना कुलूप?" तं अशी हासली, जशी मी लहान लेकरू आहे. म्हणे, "आजी, कोणी शिरलं तं? आमची बालगृहातली बाई रोज आमच्या खोलीले बाहेरून कुलूप लावून जाये. तो आवाज आला की आम्हाले झोप लागे." आणि स्टेशनावर तिले दारच नव्हतं. जिनं जिंदगीत काळजी पाह्यली ती कुलपाच्या आवाजात, तिले मी काय सांगू? मनातच म्हटलं, प्लास्टर निघेस्तोर चालून जाईन. पाय तं तसाही चालून नाई राह्यला.

पण माय, दार उघडं असताना खाटेवर पडणं वेगळं आणि कुलपात पडणं वेगळं. दिवसभर नजर त्या दारावर जाते. किल्ली माह्या कमरेले, कुलूप दाराच्या पल्याड. सीताबाई येते, कुलूप पाहून वापस जाते. तिले वाटते, रक्षा मले संग दवाखान्यात नेते. मीच तसं सांगतलं. ती दाराशी आली की मी खिडकी ओढून श्वास धरून बसते. खोकला आला तं पदर तोंडात कोंबते. आपल्याच घरात चोरासारखी. तुह्या बाबानं हे दार बसवलं तवा सुताराले चहावर चहा पाजला होता, दार पक्कं पाहिजे म्हणून. पक्कं झालं.

परवा दुपारी मागच्या वावरात कोणीतरी कापसाची वाळली पऱ्हाटी पेटवली. वारा इकडचा. धूर झरोक्यातून, खिडकीतून आत आला. पहिले डोळे चुरचुरले, मंग खोकला, मंग समोरची भिंत दिसेना. मले वाटलं, आपलंच घर पेटलं. खाटेवरून खाली सरकली, प्लास्टर ओढत दारापाशी गेली, दार ओढलं. दोन बोटं उघडलं आणि अडलं. त्या फटीतून मले सीताबाईचं हिरवं गेट दिसे. एवढं हिरवं मी जिंदगीत पाह्यलं नाई.

मी वरडली नाई. वरडली असती तं गल्ली जमली असती, कुलूप तोडलं असतं, आणि सांजेले पोट्टी घरी आली असती तं सारे तिच्याकडं पाहत उभे. "पाहा, म्हातारीले कोंडून जाते." दुसऱ्या दिवशी संस्थेत, तिसऱ्या दिवशी बाकावर. मी फटीले तोंड लावून हवा घेत बसली. धूर त्याच्या मनानं आला, त्याच्या मनानं गेला. तेवढ्यात लहानू वावरातून येऊन राह्यला होता. त्याले फटीतून माही बोटं दिसली.

पडल्याचं त्याले माहीत होतं, कुलपाचं नाई. तो सांजेले येते, तवा दार उघडंच असते. तो घाबरला. म्हणे, "वहिनी, किल्ली द्या, खोलतो."

मी म्हटलं, "नाई."

"येड लागलं का तुम्हाले?"

"तू आज खोलशीन, उद्या ती पुन्हा लावन. जिनं लावलं तिनंच काढलं पाहिजे. तू कागद-पेन घेऊन ये."

घेऊन आला तो आज. दोन दिवस बायकोचा पेन शोधत होता म्हणे.

त्या फटीपाशी बसली तवा मले सावंगीच्या त्या दोन खोल्या आठवल्या. रक्षा नाई म्हणाली आणि मी मनात खुश झाली. सांबारवडी आठवली मले! तिनं खोली कोणासाठी सोडली, हे मी इचारलंच नाई. मी समजून राह्यली होती, मी इथं पडून तिचं छप्पर धरलं आहे. ती तं माह्या प्लास्टरपायी इथं अडकली. तिचं नाव लागणार होतं त्या दारावर, पौर्णिमा. तिचं नाव आजवर फक्त हजेरीत लागलं.

आता काय करू, सुचत नाई. तुले बोलावलं तं तू मले नेशीन. नाई बोलावलं तं ती जात नाई. आणि तिच्या पाठीमागं तिचं सांगणं मले बरं नाई वाटत. लहानू म्हणते, "देऊन टाका, आत्ताच टपालाच्या डब्यात टाकतो." मी त्याच्याकडून कागद मांगून घेतला, गजातून. उशीखाली ठेवते.

अंगठा गजातून बाहेर काढून देला. लहानूनं शाई लावताना असा धरला, जशी मी तिकीट न काढता बसली.

तुही माय,
मीरा


पवनार
१२ जानेवारी २०२५

पौर्णिमा,

आज रक्षाच लिहून राह्यली, पण धुणं-पिळणं बंद. मी तिले म्हटलं, "जसं तोंडातून पडन तसंच लिहाचं. मी बोलली तेही, तू बोलली तेही."

"काऊन आजी?"

"हेही लिही. 'काऊन आजी' लिही."

लिहिलं तिनं.

मंग मी म्हटलं, लिही, मी पडली. तिनं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "ताईले सांगाचं नव्हतं ना?" म्हटलं, लिही. लिहिलं. लिही, फोन तांदळात आहे. हे लिहिताना जराशी हासली. मंग मी म्हटलं, लिही, रक्षा कामावर जाते तवा मले आत ठेवून बाहेरून कुलूप लावते.

पेन थांबलं.

"आजी, हे नका लिहू."

"मी कुठी लिहून राह्यली? मले येते का? तूच लिहून राह्यली."

"प्रेरणाताईले माहीत पडलं तं मले काढतीन."

"मंग तेही लिही. लिही, रक्षा म्हणते, मले काढतीन."

"मी काई वाईट केलं का तुमचं? पाणी ठेवते, डबा ठेवते..."

"लिही, पाणी ठेवते, डबा ठेवते, पायाखाली उशी देते. एकही गोष्ट खोटी नाई. लिही. आणि कुलूप लावते."

लिहिलं. अक्षर बिघडलं, पाहा वरच्या ओळीत. पत्रलेखनातला पहिला नंबर गेला.

मंग मी तिले धुराचं सांगतलं. तिले माहीत नव्हतं. त्या दिवशी सांजेले ती आली तवा मी तोंड धुऊन, केस विंचरून खाटेवर बसली होती. तिनं विचारलं होतं, "आजी, डोळे लाल काऊन?" मी म्हटलं होतं, कांदा चिरला. आता दोन बोटांची फट सांगतली, हिरवं गेट सांगतलं, आणि वरडली काऊन नाई तेही सांगतलं. तिनं कागद बाजूले ठेवला. उठली, खुंटीवरचं कुलूप काढलं आणि आणून माह्या मांडीवर ठेवलं.  मंग म्हणाली, "मले वाटे, तो आवाज ऐकून तुम्हालेही झोप येत असन."

मी कुलूप मांडीवरून उचलून बाजूले ठेवलं, पौर्णिमा. 

मंग म्हटलं, "रक्षा, मले अठरा होऊन लय वर्षं झाली वं. मलेही सोडा आता बालगृहातून."

ती हासली, आणि हासता हासता तिचा चहा सांडला. कागदावर डाग आहे तो चहाचाच आहे, दुसरं काई समजू नको. दुसरं जे होतं ते तिनं फ्रॉकच्या बाहीनं पुसलं. (ती म्हणते, फ्रॉक नाई, कुर्ती. बरं, कुर्ती.)

आज इथंच थांबते. तिचा हात दुखून राह्यला.

१३ तारीख. राह्यलेलं.

काल सांजेले रक्षानंच प्रेरणाताईले फोन करून बोलावलं. ताई आल्या. पोट्टी उभी राह्यली, हात मागं बांधून, जशी शाळेत कविता म्हणते, आणि सारं सांगतलं. कुलूप, धूर, सारं. मी मनात म्हटलं, आता जाते ही.

ताई चिडल्या. माह्यावर. "मीराबाई, मागच्या वेळी लुगडं पायावर ओढून बसल्या होत्या, होय ना? मी म्हटलं, आज राणी झाल्या! दोघींनी मिळून मले येडं बनवलं." लय बोलल्या. मी मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्याले आजी देते मी, पण आपल्याले शिव्या पडल्या की कशी गंमत येते ते काल समजलं. मंग रक्षाजवळ जाऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "कुलूप लावणं तुले आमच्यासारख्याइनंच शिकवलं. सावंगीची खोली अजून आहे. तिथल्या दाराले आतून कडी आहे. ती तूच लावाची, तूच काढाची."

रक्षा म्हणे, "आणि आजीजवळ कोण?"

मी म्हटलं, "माही पोरगी आहे पुण्याले. जिवंत आहे, कमावते, काठी घेऊन पोरांच्या अंगावर धावते. तिले कामाले लावू."

म्हणून हे पत्र. लहानूनं लिहिलेलं उशीखालचं याच पाकिटात टाकते. पहिले ते वाच, मंग हे. उलटं वाचलं असशीन तं पुन्हा वाच.

आता तुह्यापाशी येते. एक गोष्ट राह्यली आणि ती मी लय दिवस गिळून बसली.

पुण्याचं पाणी चांगलं होतं. मले मानवलं नाई ते दुसरं. तुम्ही दोघं सकाळी कामावर जात, तुहं ते दार ओढलं की बंद होये, आणि वरून तू बाहेरून किल्ली फिरवे. म्हणे, "आई, इथं कोणाले दार उघडू नको हं, जग वाईट आहे." मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून दिवसभर खालचे लोक पाहो. एकदा तुह्या शेजारणीनं बेल वाजवली, हळदीकुंकवाचं बोलावणं होतं काय होतं. मी आतून म्हटलं, "बाई, मले खोलता येत नाई." तिले वाटलं, मले तुमचं ते लॉक समजत नाई. म्हणे, "असू द्या काकू, तुम्हाला नाही जमायचं," आणि गेली. मी दाराशी तशीच उभी. कमरेले हात गेला, किल्ली पाहाले. किल्ली पवनारची होती.

तुले सांगतलं नाई. तू मनाले लावून घेतलं असतं, आणि तू काळजीच तं केली होती. फ्रिजमध्ये डबा ठेवे, गोळ्यांची पाकिटं मांडून ठेवे, दुपारी फोन करे. रक्षानं केलं तेच, तसंच. माह्या दोन्ही पोरी सारख्याच निघाल्या. तिले सांगाले मले धूर लागला, आणि तिले सांगतल्यावरच तुले सांगाची हिंमत आली. हे लिहिताना रक्षानं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "ताईनंही?" म्हटलं, हो वं, शिकल्या-सवरल्या ताईनंही. तिले बरं वाटलं, राग नको मानू.

तं आता ऐक. ये. मले ने. रागात नाई म्हणत, हौसेनंही नाई म्हणत. जाऊ नये वाटते, खोटं कायले बोलू. पण ही खाट इथून हलली नाई, तं ही पोट्टीही इथून हलत नाई. एक तारखेले तिले सावंगीले जाचं आहे. तिच्या आधी मी गेली पाहिजे. मी मागं राह्यली तं ती वळणावरून वापस येईन, तिचा भरोसा नाई. पाय चालाले लागला की मी परत येते, हे आत्ताच सांगून ठेवते. येताना नवी किल्ली करून आणीन, खोलीत कोणी ना कोणी येईनच.

आज सकाळी रक्षानं आपली किल्ली काढून माह्या हातात देली. म्हणे, "मी चुकीनं वापरली, ठेवा." मी तिच्या मुठीत ठेवली आणि मूठ बंद केली. म्हटलं, "या घरात किल्ली वापस घेत नाईत. चहा प्याची इच्छा झाली की येजो. साखर किती टाकाची ते मात्र विचारजो, घरात काठीवाली असली तं."

म्हणून घर बंद करून निघू तवा तेच पितळी कुलूप लावाचं. बदलाचं नाई. तू गाडीत नवं कुलूप घेऊन येशीन, मले माहीत आहे. ते तुह्याजवळच ठेव. या कुलपाच्या किल्ल्या कुंदनजवळ आहे, स्वीटीजवळ आहे, आता रक्षाजवळ आहे. त्याइले कोणत्याही दिवशी हे दार खोलता आलं पाहिजे, मी असो का नसो.

आणि तुह्या घरी. मले लिफ्टमधून वर नेशीन, दार उघडशीन, पाणी देशीन, म्हणशीन, आई, जेवाले बस. मी बसणार नाई. पहिले माह्या हातात तुह्या दाराची किल्ली दे. बाजारातून माह्या नावची नवी करून आण. मंग वाढ.

पाय मोडला आहे, मी कुठी पळून जाणार नाई. तरी देजो.

अंगठा खाली आहे. आज दार सताड उघडं ठेवून देला, गल्लीतून येणारे-जाणारे पाहून राह्यले. सीताबाई विचारून गेली, "काय लिहून राह्यल्या वं?" मी म्हटलं, "पुण्याले किल्ली मांगून राह्यली."

तुही माय,
मीरा